शमीमच्या उशाशी तरवड

९ जून
आज पुन्हा शमीमच्या कबरीवर शेळी. मागचे पाय मातीवर, पुढचे निंबाच्या फांदीला. चप्पल फेकली ती रहीमला लागली. बरं झालं. कबरी खोदणारा रहीम, कब्रस्तानाची राखण करणारा रहीम, आणि शेळ्याही त्याच्याच. कुंपणानंच शेत खाल्लं तर फिर्याद कोणाकडे नेणार?
"मास्टर, बकरी को क्या मालूम कौनसी कबर किसकी है."
तुला तर माहीत आहे ना, म्हटलं. मान खाली घालून शेळी घेऊन गेला.
उशाशी लावलेला सब्जा वाळला. मेंदीच्या काड्या वाळल्या. गुलाब शेळीनं खाल्ला.

१२ जून
जुबेरचा फोन. संभाजीनगरला सरकत्या खिडक्या बसवायचं काम करतो, एकुलता एक. रोज तेच बोलणं.
"अब्बा, बारिश के पहले फरशी डाल देते. चारों तरफ से पक्की. नहीं तो अम्मी की कबर बह जाएगी."
खोटं बोलत नाही. जागा उतारावरची, खाली नाला. हिवाळ्यात कबर झाली तेव्हा मातीचा उंचवटा गुडघ्याला लागत होता, आता वीतभर उरलाय. एक-दोन पावसाळे गेले की सपाट. मग मी फातेहा पढायला उभा कुठे राहणार? पुढे मागे त्याच जागेवर दुसऱ्या कोणासाठी कुदळ पडेल.
पण श. सांगून गेली आहे. दवाखान्यातून घरी आणल्यावर, चांगली शुद्धीत असताना. माझ्यावर सिमेंट घालू नका, माती राहू द्या, मला बंद खोलीत गुदमरतं. मी चेष्टा केली, मेल्यावर कसलं गुदमरतंय. ती हसली नाही.
जु. म्हणतो अम्मी बुखारात बोलली. ताप नव्हता. मी हात लावून पाहिला होता.

१५ जून
मोताळ्याला अस्तराचं कापड आणायला गेलो. येताना बसच्या खिडकीतून खडकाळ बरडीवर तरवड दिसला. आजूबाजूचं गवत करपून गेलेलं, आणि हा पिवळाधमक फुललेला. शेळ्यांचा कळप त्याच्यामधूनच चालला होता, एकीनंही तोंड लावलं नाही. जन्म गेला इथे, हजारदा पाहिला असेल, आजच दिसला.
शेळी खात नाही. पाणी मागत नाही. माती धरून ठेवतो. एकाच मापात तिन्ही गोष्टी बसल्या.
संध्याकाळी सुलोचना वहिनींना विचारलं. शेजारच्या. श. आणि त्या दुपारभर माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून ब्लाऊजना हूक लावायच्या. तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची.
"तरवड? अवो मास्टर, तो कोनी लावते काय? तो तं आपोआप येते. आमी नवरात्रात घटाले त्याची माळ करतो, पन लावला नाई कोनं."
आपोआप येतो तर माझ्या हातानं का नाही येणार?

१८ जून
रहीमला चपलेचं वाईट वाटलं असावं, किंवा शेळीचं. स्वतःहून टिकाव घेऊन आला. बरडीवरून चांगली कमरेएवढी झुडपं खणून आणली. कबरीच्या चारी बाजूंनी लावली. आळी केली, भरपूर पाणी घातलं. फुलांसकट उभी होती.
जु. ला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. तो होकार की काय, कळत नाही मला या अंगठ्यांचं.

२४ जून
सगळ्यांनी माना टाकल्या.

२७ जून
मेली. उपटून पाहिली. मूळ वीतभर, आणि खाली तुटल्याची खूण. बरडीवर जाऊन तो खड्डा पुन्हा उकरला. मूळ सरळ खाली गेलेलं, रहीमचा अख्खा हात आत गेला तरी टोक सापडेना. आम्ही बाही कापून आणली होती आणि शर्ट तिथेच राहिला होता.
म्हणजे आणून लावायचा नाही. जिथे हवा तिथेच बी टाकायचं.

३० जून
मागच्या हंगामाच्या शेंगा अजून झाडांवर लटकलेल्या. चपट्या, तपकिरी, हात लावला की खुळखुळतात. पिशवीभर आणल्या. कबरीच्या कडेनं बी टोकलं, वरच्या अंगाला जास्त, कारण पाणी तिकडून येतं. बोटाच्या पेराएवढं खोल.

१० जुलै
पाऊस चांगला. बाजूचं तण टरारून आलं, तरवडाचा पत्ता नाही. उकरून पाहिलं, बी जसंच्या तसं. दातानं चावून पाहिलं, दात हलला. हे बी आहे का बटण?

११ जुलै
आज गिऱ्हाईक नाही. कात्रीला धार लावायचा दगड समोरच होता. एक बी घेऊन कडेनं घासलं. वरचं कवच जाऊन आतला फिका रंग दिसला की थांबायचं, जास्त घासलं तर आतला जीवच जातो. दुपारपर्यंत वाटीभर झालं. बोटांची सालं निघाली.
मग उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून झाकून ठेवलं. वहिनी डोकावल्या. "मास्टर, काय शिजवून राह्यले?" तरवड, म्हटलं. श. असती तर तिनं आख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं असतं.

१२ जुलै
बी टम्म फुगलं. फुगलं तेवढंच निवडून कबरीभोवती टोकलं. न फुगलेलं दुकानामागच्या मुरमात भिरकावून दिलं. तिथे कुणी थुंकतही नाही, इतकी वाईट जागा.

१९ जुलै
उगवलं!!
दोन जाड हिरवी दलं, डोक्यावर बियाची टोपी. एक, दोन, मग सगळीकडेच. गुडघे टेकून बसलो होतो. रहीम धावत आला, त्याला वाटलं मला चक्कर आली. जवळ येऊन पाहतो तर माझे डोळे भरलेले. तोही बसला. दोन म्हातारे कोंबांकडे पाहत बसले.
श., आले बघ.

२ ऑगस्ट
बोटाएवढे झालेत. संध्याकाळ झाली की पानं जोडीजोडीनं मिटतात. मी तिकडे जातो ती वेळही तीच.
शेळी आली होती. हुंगलं, शिंकली, निघून गेली.

१० ऑगस्ट
खालच्या अंगाची रोपं पिवळी पडताहेत. पाणी कमी पडतंय का? पाऊस आहे तसा, पण उघडीपही आहे. उद्यापासून एक बाटली जास्त नेतो.

१४ ऑगस्ट
आणखी पिवळी. काही तर बुडातून मऊ पडून आडवी झाली. काय चुकतंय?

१६ ऑगस्ट, जुम्मा
कळलं काय चुकतंय.
नमाजनंतर कब्रस्तानात गेलो तर माझ्याआधी लोक. जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर पाणी शिंपडतो, उरलेली बाटली घेऊन श. कडे येतो आणि रोपांवर ओततो. सगळ्या गावाला बातमी, मास्टरनं बायकोच्या कबरीवर झाडं लावलीत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात कोण उरलेलं पाणी मातीत फेकून देईल? तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही टाकत नाही. जिवाला पाणी पाजलं की सवाब. एक म्हातारी तर घरून तांब्या घेऊन आली होती, तिचं कोणीही नाही तिथे. आणि मी? मी दोन बाटल्या.
पुण्य करून करून मारलं आम्ही त्यांना.

१७ ऑगस्ट
पाटी लावली. झाडांना पाणी घालू नये.

१९ ऑगस्ट
गावात बोंब. मशिदीच्या पायऱ्यांवर तोच विषय. "कब्रस्तानात पाणी बंद? हा कोनता कायदा बे मास्टर?" कोणी म्हणालं बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणालं करबला आठवत नाही का याला, तिथेही पाणीच अडवलं होतं. हे मात्र लागलं.
मी चिडलो, बोललो, नको ते बोललो. पाणी देणाऱ्याचा हात धरायचा म्हणजे आपल्याकडे पापच, आणि मी तेच करत होतो.

२१ ऑगस्ट
रहीमनं मार्ग काढला. घरची फुटक्या काठाची मोठी कुंडी आणून फाटकाशी ठेवली. उरलेलं पाणी इथे घाला, पाखरं पितील. सवाब तोच. लोक खूश. पाखरं येतात, पण आधी रहीमच्या शेळ्या येतात आणि कुंडी चाटून पुसून ठेवतात. डोकेबाज माणूस. राग येण्याऐवजी हसूच आलं. शेळ्याही आता फाटकाशीच थांबतात, कबरींकडे फिरकत नाहीत.

२० सप्टेंबर
निम्मी गेली, निम्मी सावरली. वरच्या अंगाची जास्त राहिली. कबर अजून आहे, पण नाल्याकडची कड ढासळली. रहीमनं टोपल्यानं माती भरली.

७ ऑक्टोबर
वहिनी नवरात्राच्या फुलांसाठी वणवण फिरून आल्या. गेल्या महिन्यात बरडीचा रस्ता रुंद केला तेव्हा कडेचा सगळा तरवड उखडला गेला. झेंडूवर भागवलं. "झेंडू तं दसऱ्याचा हाय, घटाले तरवडच पायजे," म्हणत होत्या. तुमच्या रोपांना फुलं आली का, विचारलं. अजून हातभरही नाहीत, म्हटलं.

२८ डिसेंबर
जु. आला दोन दिवसांसाठी. सरळ कब्रस्तानात, खिशात टेप. कबरीची लांबी-रुंदी मोजली. मी जन्मभर लोकांची मापं घेतली, बायकोच्या कबरीचं माप घेताना पाहवेना.
"ये क्या है अब्बा? ये घास?"
घास नाही, तरवड आहे.
"छह महीने में इतना? और अम्मी आधी बह गई."
आवाज चढले. त्याचा आणि माझाही. म्हणालो, तिनं मला सांगितलं होतं, तुला नाही. हे बोलायला नको होतं. त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला. तो पोचायच्या आत ती गेली होती, एका रात्रीचं अंतर. त्याचं दुखणं ते आहे, फरशी नाही, हे आज मला दिसलं.

२९ डिसेंबर
बसस्टँडवर म्हणाला, "अगली बारिश तक रुकता मैं. उसके बाद नहीं सुनूंगा." ठीक, म्हटलं. गाल धरून मुका घ्यावासा वाटला, पण लोक होते.

१६ फेब्रुवारी
वर्ष झालं. कुराण पढवलं, जेवणं झाली. वहिनींनी पुरणपोळ्या पाठवल्या, श. ला आवडायच्या म्हणून.
रोपांची वाढ थांबल्यासारखी. वरून काही दिसत नाही. रहीम म्हणतो खाली चाललीत. खाली कुठे जातात ते त्याच्याइतकं कोण सांगणार?

४ मे
काय ऊन आहे. निंबाखालीही बसवत नाही. रोपांची खालची पानं गळाली, काड्या उभ्या. रोज वाटतं घालावं थोडं, ओंजळभर, कोणाला कळणार आहे?

११ मे
आज बाटली घेऊन गेलोच. झाकण काढलं. वाकून पाहिलं तर शेंड्याला नवं पान, नखाएवढं, तांबूस. या उन्हात, पाण्याशिवाय. तिथेच उभा राहून बाटली मी स्वतःच पिऊन टाकली. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

२५ मे
वहिनींनी हाक मारली, दुकानामागे या. गेलो. न फुगलेलं म्हणून भिरकावलेलं ते बी! कमरेएवढं झालंय. वर्षभर पाहिलं नाही, पाणी नाही, पाटी नाही, काही नाही. भर मुरमात, ठणठणीत. कधी उगवलं तेही ठाऊक नाही.
"तुमी इकडं ध्यान नाई देलं ना, म्हनून आलं," वहिनी म्हणाल्या. टोमणा होता, आणि खराही होता.

३ जुलै
जोराचा पाऊस सुरू. जु. चा फोन रोज. मी म्हणतो, आहे, आहे.

१७ जुलै
काल दिवसभर आभाळ फाटल्यासारखा पडला. सकाळी काठी टेकत गेलो. नाला दोन्ही काठ सोडून. खालच्या रांगेतल्या दोन जुन्या कबरी ओळखू येईनात, त्यातल्या एकीला सिमेंटचा कठडा होता, तो खालून पोखरून तिरपा पडलाय.
श. ची आहे.
खालची कड गेली थोडी. पण वरून आलेलं पाणी तरवडाच्या ओळीला अडून दोन बाजूंनी फुटलं, काडीकचरा बुडाशी अडकून राहिला, त्यामागे माती साचली. उशाची बाजू होती त्यापेक्षा चार बोटं उंच. रहीमनं हात लावून दाखवलं.
मोठ्यानं रडलो. पाऊस होता, चालून गेलं.

२१ ऑगस्ट
नवं संकट. तरवडावर हिरव्या अळ्या. आठवड्यात पानंच पानं फस्त, नुसते हिर उरले. रहीम फवारणीचा पंप घेऊन हजर. दुकानामागच्या झाडांवरही होत्या, तिथे तर आधीच. म्हटलं थांब, त्या झाडांचं काय होतं ते पाहू, इथलं औषध मग.

२ सप्टेंबर
दुकानामागे पिवळसर फुलपाखरंच फुलपाखरं. आणि ओरबाडलेल्या फांद्यांना पुन्हा पालवी. पंप परत पाठवला. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काज करायचं होतं ते राहून गेलं, फुलपाखरांकडे पाहत बसलो. तो बोलला मला. बोलू दे.

१९ सप्टेंबर
कब्रस्तानातल्यांनाही पालवी. आणि तीन झाडांना कळ्या, वाटाण्याएवढ्या.

२४ सप्टेंबर
फुललं. डोक्याशी. पिवळं.
वाऱ्यानं पाकळ्या कबरीवर पडतात. झाडलं नाही.

२९ सप्टेंबर
वहिनींना दुकानामागची फुलं घटासाठी नेऊ दिली. खरं सांगायचं तर आधी मन कचरलं. वाटलं, हे सगळं तिचं आहे, तिच्याच नावानं घासलेलं बी, कोणाला का द्यावं? वहिनी पदर धरून उभ्या होत्या, "मागू का नको, तेच समजून नाई राह्यलं मले." श. आणि त्या पायरीवर शेजारी बसायच्या त्याच जागी एकट्या उभ्या होत्या. मीच कात्री आणली. फांदी कशी कापायची तेही दाखवलं, डोळ्याच्या जरा वर, तिरकी, म्हणजे खालून दोन फुटतात.
आता गल्लीतल्या सगळ्या येताहेत. सकाळी उठावं तर मागे बायकांची रांग. एकीनं विचारलं, बी द्याल का? दगड दाखवला. म्हटलं, आधी बोटं सोलून घ्या.

११ ऑक्टोबर
जु. चा फोन. येतोय. फरशी घेऊन येतोय. पाऊस संपला, तुमची मुदत संपली, म्हणाला. मी फुलाचं, मातीचं काही सांगितलं नाही. डोळ्यांनी पाहू दे. जेवण गेलं नाही.

१४ ऑक्टोबर
टेम्पोनं आला. पांढरी फरशी, चांगली आहे, त्याचं काम स्वच्छ असतं. चहासुद्धा न घेता एकटाच कब्रस्तानात गेला. मी मागे गेलो नाही. मशीनवर बसलो, टाका सरळ पडेना.
बऱ्याच वेळानं आला. कोपरापर्यंत माती. ढासळलेली खालची कड दोघांनी भरली म्हणे, त्यानं आणि रहीमनं. हात न धुताच समोर बसला.
"अब्बा, फूल अम्मी के मुंह पे गिर रहे."
हो, म्हटलं.
नखांतली माती काढत राहिला. मग म्हणाला, "उनके बाजू की जगह रहीमचाचा से बोल के रखी मैंने. तुम्हारे लिए." आणि खाली पाहत, "वहाँ भी यही लगाना क्या?"
मुलगा तोंडावर माझ्या मरणाची सोय विचारतोय, राग यायला हवा होता. बरं वाटलं. दीड वर्षात इतकं बरं वाटलं नव्हतं. म्हटलं, लाव, पण बी आत्ताच भिजत घालू नको, मला अजून घाई नाही. तो हसला. त्याच्या आईसारखा हसतो, एका बाजूनं. मग हसता हसता रडला, आणि मी त्याची ती मातीची बोटं धरून बसलो.
जेवला पोटभर. आता पलंगावर आडवा पडलाय. फरशीचा विषय त्यानं काढला नाही, मीही विचारलं नाही. टेम्पो दारातच आहे, वरची ताडपत्री अजून बांधलेली.